नाव न लागलेला पडदा

शालनताई,

परवा शिनोलीला, तुम्ही गेल्यावर ठेवलेल्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला आलो होतो. मांडवात मागं, पंख्याच्या कडेला बसलो. वंदना झाली, मग एकेक जण बोलायला उठला. आरोग्य केंद्रात तुमच्याबरोबर काम केलेल्या सिस्टरनी सांगितलं, भर पावसाळ्यात ओढा ओलांडून तुम्ही बाळंतिणीकडं कशा जायचात. तुमच्या चुलतभावानं सांगितलं, घरातल्या सगळ्या पोरींना तुम्ही हट्टानं कसं शिकवलंत. सगळं खरंच होतं. मग तुमची लेक रोहिणी माझ्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, "मामा, तुमी बोलता का दोन शब्द? संग्रहालयाचं कोणीच काय बोललं न्हाई."

मी नको म्हणालो. सगळी नोकरी वर्गात उभं राहून बोलण्यात गेलेला माणूस मी, पण तिथं उठवेना. 'शालनताई एका कलासंग्रहालयाच्या सहायक मंडळावर होत्या' एवढं म्हटलं असतं तर लोकांनी माना डोलावल्या असत्या. पण मग कुठलं संग्रहालय, कसलं मंडळ, तिथं तुमचं काय होतं, हे सांगावं लागलं असतं. त्याचा शेवट मला त्या मांडवात सांगायचा नव्हता. रोहिणीनं जेवायला थांबा म्हटलं, तर एसटीचं निमित्त करून निघालो.

म्हणून आता घरी बसून तुम्हालाच लिहितोय. यातलं सगळं माहीत असलेलं दुसरं माणूस आता उरलेलं नाही.

आप्पा चित्रकलेची प्राध्यापकी संपवून जुन्नरला परत आले, तेव्हाची गोष्ट. जुन्नर आणि शेजारच्या तालुक्यात फिरून त्यांनी रंगवलेल्या वस्तू जमवल्या होत्या. बैलगाड्यांच्या फळ्या, लाकडी मुखवटे, दुकानांच्या जुन्या पाट्या, गावोगावच्या शिक्षकांनी काढलेली चित्रं. एका बंद पडलेल्या तेलगिरणीच्या इमारतीत त्यांनी ते सगळं मांडलं, ट्रस्ट केला, दारावर पाटी लावली. पगारी माणसं ठेवणं जमण्यासारखं नव्हतं, म्हणून हाताशी वेळ असलेली माणसं गोळा करून सहायक मंडळ नेमलं. एक औषध दुकानदार, दोन-तीन शिक्षिका, नारायणगावचे एक द्राक्षबागायतदार, नुकताच हायस्कुलातून निवृत्त झालेला मी, आणि घोडेगावच्या बाजूला नर्स म्हणून नोकरी करून घरी बसलेल्या तुम्ही.

पहिल्या बैठकीत आप्पांनी मंडळाची कामं वाचून दाखवली. सल्ला देणं, सहकार्य करणं, जनसंपर्क वाढवणं. तुम्ही हात वर केलात.

"आन् झाडलोट कोण करणार?"

सगळे हसले. तुम्ही हसला नाहीत. पुढच्या रविवारी शिनोलीहून एसटीनं आलात, ते हातात खराटा घेऊन. कंडक्टरनं खराट्याचं तिकीट मागितलं की काय, असं मी विचारलं, तर म्हणालात, "मागितलं असतं तर काढलं असतं. सर, तुमी ती खिडकी पुसा." आपली ओळख अशी झाली.

तेव्हा माझी बायको जाऊन फार काळ झाला नव्हता. घरात दिवसदिवस तोंडातून शब्द निघायचा नाही. तुम्ही त्याबद्दल मला कधी काही विचारलं नाहीत. फक्त डब्यात मासवड्या जास्तीच्या आणायला लागलात, आणि समोर ठेवून म्हणायचात, "उरल्या तर परत कोण न्यायचं, संपवा." हे तुम्हाला सांगायचं राहिलं की त्या रविवारांच्या जोरावर मी बाकीचे वार काढत होतो.

मग आणे गावाहून निरोप आला. पठारावरच्या एका शेतकऱ्याकडं तमाशाचा रंगवलेला पडदा आहे, आणि त्यानं तो कांद्याच्या चाळीवर टाकलाय. बागायतदारांनी जीप दिली, आपण दोघं गेलो. दगडूभाऊंचे आजोबा फडात ढोलकी वाजवायचे. फड मोडला तेव्हा कोणी पेटी नेली, कोणी ट्रंका नेल्या, यांच्याकडं पडदा आला. मी त्यांना संग्रहालयाबद्दल पुष्कळ सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"न्या की राव. पण माज्या कांद्यावर काय टाकू?"

"ताडपत्री देतो."

"नवी?"

"नवी."

"मग न्या. ह्यो तसा बी कामाचा न्हाई. मागं जरासा पाऊस शिंतडला तर निम्मा रंग कांद्याला."

सरसात कालवलेला पुडीचा रंग तो. पाणी लागलं की सुटणारच.

आपण तो खळ्यावर पसरला. राजवाड्याची बाग होती. मधे कारंजं, मागं खांबांची रांग, पायऱ्यांवर दोन मोर, आणि डाव्या बाजूला वरपर्यंत गेलेलं एक मोठं झाड. दगडूभाऊंच्या घरातली सगळी माणसं बाहेर येऊन बघायला लागली. इतकी वर्षं घरात असून त्यांनीही तो असा सपाट पसरलेला पाहिला नव्हता. तुम्ही मात्र त्या झाडाच्या बुंध्याशी जाऊन खाली बसलात आणि पानांवरून बोट फिरवत राहिलात. मला वाटलं, कुठं कुठं फाटलंय ते बघताय.

येताना आळेफाट्याला चहाला थांबलो तेव्हा ग्लास हातात धरून म्हणालात, "भाऊ."

त्याआधी तुम्ही मला सर म्हणायचात.

"भाऊ, त्यो पडदा माज्या बानं रंगवलाय."

तुम्हाला कसं कळलं, असं मी विचारलं.

"त्या झाडाची खालची पानं माजी हायेत."

तुमचे वडील पाट्या रंगवायचे आणि सुगीनंतर फडांचे पडदे. तुम्ही लहान होतात, रंगाचे डबे सरकवून द्यायचात. एकदा त्यांनी एक जाड कुंचला तुमच्या हातात दिला आणि म्हणाले, खालची पानं तू भर, तिथं म्होरं माणसं उभी राहत्यात, कोणाला दिसत न्हाईत. त्यांची पानं आंब्यासारखी निमुळती. तुमची गोल आणि जाड निघाली, रुईसारखी. तुम्हाला रडू आलं.

"बा म्हणला, असू दी. राजाच्या बागंत एका झाडाला दोन जातीची पानं असत्यात."

हे सांगताना तुम्ही हसलात आणि चहा तसाच ठेवून दिलात. मी म्हणालो, ताई, पडद्याखाली त्यांचं नाव लावू. तुम्ही म्हणालात, "नगं." मला वाटलं, भरून आलंय म्हणून म्हणताय.

नंतरचे दिवस आठवतात का? पडदा हॉलच्या फरशीवर पालथा पसरलेला, आणि त्याच्या भोवती सुया घेऊन बसलेलं सगळं मंडळ. पाण्याचा थेंब आत आणायचा नाही, हा तुमचा हुकूम. चहा प्यायचा तो बाहेर पायरीवर. औषध दुकानदारांनी एकदा चुकून बाटली आत आणली, तर तुम्ही त्यांना वॉर्डातून नातेवाइकांना काढावं तसं बाहेर काढलंत. मागून मांजरपाटाची ठिगळं, समोरून मऊ ब्रश. माझे टाके तुम्ही उसवून परत घालायला लावायचात. "जखम असती तर पू झाला असता," म्हणायचात. आप्पा काठी टेकत यायचे, बघायचे आणि जायचे. पडदा भिंतीवर चढला त्या दिवशी ते खुर्ची घेऊन त्याच्यासमोर बसले आणि जेवायलाही उठले नाहीत.

मग पाटीचा प्रश्न आला. बैठकीत आप्पा म्हणाले, "सही नाही, कागद नाही, नुसत्या ऐकीव गोष्टीवर संग्रहालयात नाव लावत नाहीत. 'चित्रकार अज्ञात' लिहू." त्यांना काहीच माहीत नव्हतं. मी बोलायला उठणार, तेवढ्यात तुम्ही टेबलाखाली माझा सदरा खाली ओढलात.

बाहेर पायरीवर मी चिडून विचारलं, का पण? तुमच्यासमोर तुमच्या वडिलांना अज्ञात म्हणतात आणि तुम्ही गप्प बसता?

तुम्ही तेव्हा जे बोललात ते मी कोणाला सांगितलं नाही. आज लिहितो.

"भाऊ, मी नोकरीला लागले तवापास्नं ऐकत आले. हिला कोट्यातनं मिळालं. प्रमोशन झालं, कोट्यातनं. चांगलं काम केलं म्हणून सत्कार झाला, तरी मागं बसलेली म्हणाली, कोट्यातनं. मला चालतंय, मी ऐकलं. पण आता मी मंडळावर हाये म्हणून माज्या बाचं नाव लागलं, असं एकानं जरी म्हटलं, तर त्ये त्येला ऐकावं लागंल. त्येनं रंगवलंय, भाऊ. त्येला कोणी दिलेलं न्हाई."

मग म्हणालात, "दुसरं कोणी सांगू दे. ज्याचा माज्याशी संबंध न्हाई असं. मग लावा."

म्हणून आपण साक्षीदार शोधत फिरलो. नारायणगावात सोनाबाई सापडल्या, त्याच फडात नाचलेल्या. भाच्याच्या घरी, खिडकीजवळच्या पलंगावर बसून असायच्या. मी मोबाइलवर पडद्याचा फोटो दाखवला. त्यांनी तो डोळ्यांजवळ नेला.

"ह्या पडद्याम्होरं मी लई नाचलेय. ह्या मोरापाशी माजी जागा."

"रंगवणारा कोण होता, आठवतं का?"

"व्हता की एक. घोडेगावाकडनं यायचा. लई गप. काम झालं की जेवाय बसायचा, पर लांब बसायचा. त्येचं ताट येगळं असायचं."

"नाव काय त्यांचं?"

"पेंटर म्हणायचो. पेंटरला नाव कोण इचारतंय?"

परत येताना बसस्टँडवर मी आनंदात होतो. म्हणालो, ताई, मिळाली साक्ष. घोडेगावकडचा, गप्प, लांब बसणारा. तुम्ही पदराची कड बोटाला गुंडाळत होतात.

"माजाच बाप त्यो. पर लांब बसणारे लई व्हते, भाऊ. तेवढ्यावरनं नाव कसं लावता?"

आपण हा वाद किती वेळा घातला असेल, देव जाणे. तुम्ही म्हणाल, देवाला कशाला मधे घेता. बरं. पण रविवार आला की मी विषय काढायचो आणि तुम्ही मला पडद्यावरची धूळ झटकायला लावायचात. शाळांच्या सहली आल्या की पडद्यासमोर तुम्हीच उभ्या राहायचात. रंग कसा करतात, सरस कसा शिजवतात, एवढं मोठं चित्र जमिनीवर अंथरून त्याच्यावर बसून कसं काढतात, सगळं सांगायचात. आणि शेवटी स्वच्छ आवाजात म्हणायचात, "रंगवणाऱ्याचं नाव माहीत नाही." त्या वेळी मी तुमच्याकडं बघायचो नाही.

एक रविवार मात्र फार चांगला गेला. बाजाराला हिरडा घेऊन आलेली घाटघरची एक म्हातारी माल विकून झाल्यावर सावलीसाठी म्हणून आत आली. डोक्यावर रिकामी पाटी तशीच. पडद्यासमोर बराच वेळ उभी राहिली.

"कोणी काढलं गं बाय ह्ये?"

"माहीत न्हाई, मावशे," तुम्ही म्हणालात.

ती पुढं झाली, वाकली, आणि झाडाच्या बुंध्याकडं बोट दाखवून म्हणाली, "वरचं मोठ्या माणसानं काढलंय. ह्ये खाली कोणा लेकराचं काम हाये."

तुम्ही तोंडावर पदर धरून बाहेर पळालात. मला वाटलं रडताय. येऊन बघतो तर पायरीवर बसून इतक्या हसत होतात की बोलता येईना. त्या मावशीला तुम्ही चहा पाजलात, उरलेला डबा बांधून दिलात. संध्याकाळी एसटीत चढतानाही हसतच होतात. ताई, तुम्हाला इतकं खूश मी त्याआधी किंवा त्यानंतर कधी पाहिलं नाही.

आप्पा गेले आणि सगळं उतरणीला लागलं. ट्रस्टवर नवी माणसं आली. वाईट नव्हती, त्यांना यातलं काही बघायचं नव्हतं एवढंच. मंडळाला बोलावून नव्या अध्यक्षांनी आधी सगळ्यांचे आभार मानले. तेव्हाच मला कळलं. इमारत लग्नकार्यांना द्यायची ठरली होती. वस्तू सुरक्षित ठिकाणी हलवणार, नवी इमारत झाली की परत मांडणार.

"नवी इमारत कुठं?" तुम्ही विचारलंत.

"जागा बघतोय, मॅडम."

"बगायला सुरुवात झालीय, का व्हायचीय?"

अध्यक्ष म्हणाले, मंडळाचं काम सल्ला देण्याचं, निर्णय ट्रस्टचा. तुम्ही म्हणालात, मग आमचा सल्ला आहे की हे करू नका. त्यांनी मान डोलावली आणि चहा मागवला.

बागायतदार त्यानंतर आले नाहीत. औषध दुकानदार मुलाकडं पुण्याला राहायला गेले. शिक्षिकांना घरची कामं निघाली. मी कोणाला दोष देत नाही. फुकट काम करणारं माणूस काम नको म्हटल्यावर घरी जाणारच. आपण दोघं तेवढे तहसीलपासून पंचायत समितीपर्यंत हेलपाटे घालत राहिलो. प्रत्येक ठिकाणी लोक खुर्ची द्यायचे, ऐकून घ्यायचे आणि चांगलं काम करताय म्हणायचे.

शेवटी मी तुम्हाला म्हणालो, पडदा घरी न्या. शिनोलीला. तुमच्या माडीवर कोरडा राहील. दगडूभाऊंनी दिला तेव्हा आपल्याच हातात दिला होता, कोणी विचारणार नाही.

तुम्ही माझ्याकडं असं पाहिलंत की मी ओशाळलो.

"मंडळावर बसून वस्तू घरी न्यायची?"

"तुमच्या वडिलांचा आहे तो."

"त्ये तुमाला आन् मला माहीत. पाटीवर काय लिवलंय?"

ताई, आज तुम्ही नाही आहात आणि तरी मला तुमचा राग येतो. इतकं सरळ वागायची काय गरज होती? समोरचं कोण सरळ वागत होतं? तुम्ही नियम पाळत होतात ते कोणासाठी? मंडळ उरलं नव्हतं. आप्पा नव्हते. तुम्ही आणि मी होतो, आणि मी तर म्हणत होतो, न्या.

ट्रक आला त्या दिवशी पडदा तुम्हीच गुंडाळलात. रंग रंगाला घासू नये म्हणून वेढ्यागणिक आत घालायला नोकरीतल्या तुमच्या पांढऱ्या साड्या घेऊन आला होतात, धुऊन, इस्त्री करून. मी म्हणालो, एवढ्या चांगल्या साड्या. तुम्ही म्हणालात, "आता मला कोण युनिफॉर्म घालाय लावतंय." ट्रकवाल्याला बजावलंत, याला पाणी लागू देऊ नका, याच्यावर काही ठेवू नका, उभं करू नका. तो हो हो म्हणत गाडीत चढला. ट्रक वळणावरून दिसेनासा झाल्यावरही तुम्ही हात पुसत उभ्या होतात. हाताला काहीच लागलेलं नव्हतं.

त्यानंतर तुमचं पोटाचं दुखणं निघालं. आधी घोडेगाव, मग पुणे, मग पुण्याच्या डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं. तुम्हाला त्याचा अर्थ आमच्यापेक्षा आधी कळला असणार. तुम्ही स्वतःच रोहिणीला औषधांच्या वेळा लावून दिल्यात आणि म्हणालात, पडदा बघून यायचा राहिला.

पाऊस सुरू होऊन बरेच दिवस झाले होते. ट्रस्टच्या ऑफिसात विचारलं की सगळं व्यवस्थित आहे म्हणायचे. मी एके सकाळी उठून चाकणच्या बाजूला, ट्रस्टनं सगळं नेऊन ठेवलं होतं त्या गोदामात गेलो. वरचे पत्रे दोन-तीन ठिकाणी उघडे पडले होते. मुखवटे फळीवर होते, ते वाचले. बैलगाडीच्या फळ्या फुगल्या होत्या. पडदा जमिनीवर होता, सगळ्यात खाली, आणि जमिनीवर पाणी साचून गेलेलं होतं.

मी आणि तिथला एक हमाल, आम्ही तो उलगडला. तुम्ही घातलेल्या साड्यांनी सगळा रंग ओढून घेतला होता. हिरवा, निळा, मोराचा तो जांभळट, सगळा एकमेकांत कालवून साड्यांवर उतरला होता. आणि पडद्याचं कापड कोरं होतं. कोरं म्हणजे मळकट, पिवळ्या पाण्याच्या रेघा पडलेलं. खांबांच्या जागी थोडी सावली दिसत होती. झाडाच्या जागी काहीच नव्हतं. मागची आपली ठिगळं तेवढी जशीच्या तशी होती, एकही टाका सुटला नव्हता.

परत येताना एसटीत मी ठरवलं होतं की तुम्हाला सांगायचं नाही. पण शिनोलीला उतरलो, ओसरीवर तुमची खाट होती, दुपार होती, आणि तुम्ही डोळे उघडून माझ्याकडं पाहिलंत. आजारी माणसाशी कोण खोटं बोलतंय हे ओळखण्यात तुमची नोकरी गेलेली.

"गेलता का?"

"गेलो होतो."

"मग?"

"गेला, ताई."

"पानं?"

"काहीच नाही. कापड राहिलंय."

"मांजरपाटच त्ये," तुम्ही म्हणालात. मग, "आन् माज्या साड्या?"

"साड्यांना लागलाय रंग. सगळा त्यांनाच लागलाय."

"त्या आणा."

मी दुसऱ्या दिवशी परत गेलो. गोदाम झाडून काढलं होतं. भिजलेलं सगळं, पडदा, साड्या, फुगलेल्या फळ्या, कचऱ्याच्या गाडीत गेलं होतं. हमाल म्हणाला, "सायेब, आमाला वाटलं चिंध्या हायेत." तेही येऊन तुम्हाला सांगितलं. तुम्ही मान हलवलीत आणि रोहिणीला म्हणालात, भाऊंना चहा दे.

त्यानंतरही मी येत राहिलो. एकदाच विषय निघाला. मी काढला नव्हता, तुम्ही काढलात. म्हणालात, "भाऊ, नाव लावलं असतं तरी भिजलाच असता की त्यो."

तुम्हाला श्वास पुरत नव्हता, म्हणून मी वाद घातला नाही. हो म्हणालो. पण मला ते पटलेलं नाही. ताई, फरक पडला असता. अज्ञात माणसाचा पडदा जमिनीवर ठेवतात. नाव असलेल्या माणसाचा फळीवर ठेवतात. कदाचित नसताही ठेवला. कदाचित तोही कचऱ्यात गेला असता, आणि वर नावही गेलं असतं. तुम्ही हेच म्हणाला असतात आणि मी चिडलो असतो. तेव्हा निदान चिडायला तरी समोर कोणी होतं.

आता हे लिहिताना तुमच्या वडिलांचं नाव माझ्या पेनाच्या टोकावर आहे. लिहीत नाही. तुमची अट होती की ज्याचा तुमच्याशी संबंध नाही अशा कोणीतरी सांगितलं पाहिजे. सोनाबाई मागच्या उन्हाळ्यात गेल्या. घाटघरच्या त्या मावशीचा पत्ता आपण विचारला नव्हता. आणि मी काय साक्षीदार? मी ऐकीव गोष्ट सांगणारा, आणि संबंध नसलेला म्हणाल तर तेही आता खरं नाही. पडदा नाही, पानं नाहीत, पानं भरणारी नाही. मी माझ्या मुलाला फोनवरून थोडं सांगून बघितलं. तो म्हणाला, "बाबा, फोटो आहे ना?" आहे. सोनाबाईंना दाखवला तोच. त्यात झाडाच्या खालच्या भागासमोर मंडळाची माणसं ओळीनं उभी आहेत. आप्पा मधे खुर्चीवर. तुम्ही डावीकडून दुसऱ्या. तुमच्या मागं पानं असणार.

काल बाजारातून येताना पाय आपोआप तेलगिरणीकडं वळले. लग्न होतं. बाहेर गाड्या, आत लाऊडस्पीकर. जिथं पडदा होता त्या भिंतीला लाल मखमल लावली आहे आणि तिच्यापुढं नवरानवरीच्या खुर्च्या. मी दारातच थांबलो. फेटा बांधलेले एक गृहस्थ पुढं झाले, माझा हात धरला.

"या, या पावणं. मुलाकडचं का मुलीकडचं?"

मी नुसता भिंतीकडं बघत राहिलो. त्यांना वाटलं ऐकू येत नाही. त्यांनीच ठरवलं. "मुलीकडचं असणार. चला, पंगत बसतीय, उभं काय राहताय."

त्यांनी मला ओळीत बसवलं, समोर पत्रावळ आली. शेजारच्यानं सरकून जागा दिली. वाढणारे आग्रह करत होते. मी जेवलो, ताई. भूक लागली होती. पोटभर जेवलो आणि हात धुऊन बाहेर निघालो, तर ते फेटेवाले गृहस्थ दारातच होते. दोन्ही हात जोडून म्हणाले,

"आलात, लई बरं वाटलं."